धनुर्वाताच्या खोलीत

सांगण्यासारखं त्यात फारसं घडलेलंच नाही. म्हणून असेल, इतकी वर्षं मी हे कुणापाशी बोलले नाही.

परभणीच्या दवाखान्यात मी नर्स होते. जिल्हा हैदराबादेतून निघून मुंबई राज्यात आला होता, पण औषधांच्या कपाटावरच्या चिठ्ठ्या अजून उर्दूतच होत्या. माझी लहान मुलगी तेव्हा मानवतला बहिणीकडे ठेवलेली.

पोखर्णीकडून एका मेंढपाळाच्या सुनेला बैलगाडीत घालून आणलं. टाचेत बाभळीचा काटा मोडलेला, त्यावर शेणाचा लेप. दातखीळ बसलेली, पाठीची कमान झालेली. धनुर्वात. या रोगात उजेड, स्पर्श, आवाज, काहीही झालं की अंग ताठतं आणि श्वास अडतो. डॉक्टरांनी इंजेक्शनं दिली आणि म्हणाले, "माझं काम झालं. आता ती तुमच्या हातात."

मागची खोली घेतली. खिडकीला त्या मेंढपाळांचीच काळी घोंगडी टांगली. झोपेचं औषध चढलं की कूस बदलणं, कपडे, तोंड पुसणं, नाकातल्या नळीतून दूध, सगळं एका दमात उरकायचं. मग हात लावायचा नाही. लाळ छातीत उतरू नये म्हणून कुशीवर ठेवायचं आणि ओठांचा रंग बघत बसायचं.

तरी झटके थांबेनात. मग ध्यानात आलं, तिच्या बांगड्या. जरा किणकिणल्या की ती ताठायची. मी त्या उतरवायला गेले तर सोबत आलेल्या सासूनं माझं मनगट धरलं.

"बाई, माझा लेक जिता हाय. त्याच्या बायकोचे हात बोडके करता व्हय?"

डॉक्टरांना सांगितलं असतं तर त्यांनी सासूला बाहेर काढलं असतं. मी कापसाची घडी आणि पट्टी घेतली, बांगड्या न उतरवता दोन्ही मनगटं गुंडाळली. सासू बघत होती.

"तुमच्या बी वाजायल्यात," ती म्हणाली.

माझ्या बांगड्यांचा आवाज तोवर माझ्या कानाला आलाच नव्हता. तिनंच माझ्या हातांना पट्टी बांधली.

त्यानंतर दारावरचा पहारा तिनं घेतला. आजाऱ्याला भेटायला येणाऱ्यानं वाकून "मला वळखलं का?" विचारायचं, ही आमच्याकडची रीत, न विचारणारा माणूस कोरडा ठरतो. ती सगळ्यांना अंगणातल्या कडुलिंबाखालीच अडवायची. "इचारू नका. समद्यांना वळखलंय तिनं, म्हणून तर गप पडलीय. घरी माझ्यापुढं तोंड मिटत नव्हतं."

खरं सांगते, त्या खोलीत मी सुखात होते. बाहेर दहा जणांच्या हाका. इथं काय करायचं ते माझ्या हातांना ठाऊक. एक बाई माझ्या नजरेवर श्वास घेतीय, असं वाटायचं. मुलीची आठवण यायची नाही. सुटीला मानवतची मोटार धरायची, ती मी धरली नाही. रोगी अत्यवस्थ आहे, असा बहिणीला निरोप धाडला. तेव्हा झटके कमी व्हायला लागले होते आणि दुसरी नर्स बसायला तयार होती.

एका सकाळी मी तोंड पुसत होते, तर जबडा सैल लागला. दातांतून शब्द आले, "आत्या, मेंढरं कोनापाशी हायेत?"

सासू पदरानं डोळे पुसत म्हणाली, "आली बया सुदीवर. नवऱ्याचं न्हाई, मेंढरांचं इचारायलीय."

दाराशी उभा असलेला नवरा मोठ्यानं हसला. मी झटकन तिच्याकडं पाहिलं. ती दचकली, पण अंग ताठलं नाही. पुन्हा बघितलं. श्वास सरळ चालला होता.

मी घोंगडी काढली. लिंबाखालची सगळी मंडळी आत घुसली आणि जो तो तिला "मला वळखलं का?" विचारू लागला. सासूनं माझ्या हातांच्या पट्ट्या सोडल्या. "जावा आता घरी. जरा पडा. डोळे बघा कसे झालेत."

ती जगली याचा आनंद झाला, अगदी पोटातून. पण त्या गलक्यात मला कुणी सरका म्हटलं आणि मी भिंतीशी सरकले, तेव्हा वाटलं, अजून चार दिवस हिनं असंच पडून राहायला हवं होतं.