पाण्याची वाट मोकळी करणाऱ्या शैलाताई

शैलाताई डोणगावकरांची आणि माझी ओळख पासपोर्टच्या फोटोमुळे झाली. शहागंजातल्या त्यांच्या स्टुडिओत मी घाईघाईने शिरलो, स्टुलावर बसलो आणि मान ताठ करून कॅमेऱ्याकडे पाहू लागलो. ताई काही केल्या बटण दाबेनात. कधी दिवा सरकव, कधी पडदा सारखा कर, असे बराच वेळ चालले होते. शेवटी मी वैतागून विचारले, "काही बिघडलंय का?"

"तुमचा चेहरा अजून रिक्षातच बसलाय," त्या म्हणाल्या. "तो उतरू द्या, मग काढते."

मला हसू आले. ते ओसरल्यावर फोटो निघाला. माझा इतका खरा फोटो त्यानंतर कुणी काढलेला नाही. बँकेत लोकांच्या सह्या तपासण्यात निम्मे आयुष्य घालवलेला मी त्या दिवसापासून ताईंचा शिष्य झालो.

आठवडाभर लग्न-मुंजीचे फोटो काढायचे आणि रविवारी आम्हा हौशी मंडळींना घेऊन रानात जायचे, हा ताईंचा क्रम. त्यांचा एक नियम होता. नव्या माणसाने पहिल्या फेरीला कॅमेरा आणायचा नाही. मी नुकतीच महागडी लेन्स घेतली होती, त्यामुळे तो नियम मला अजिबात आवडला नाही आणि अजिंठ्याच्या रस्त्याने मी तोंड फुगवून बसलो. ताईंनी तिकडे साफ दुर्लक्ष केले. डब्यातली दशमी माझ्या हातात ठेवली आणि समोरच्या झुडपाकडे बोट दाखवले. झुडपात मला काहीच दिसेना. दशमी संपता संपता तिथे ससा दिसला. तो आधीपासूनच तिथे होता.

त्यांच्या मायेबद्दल लिहायचे तर त्यांच्या पंचाहत्तरीचा हा गौरवग्रंथ पुरणार नाही, म्हणून एकच सांगतो. एकदा स्टुडिओत एक वयस्क बाई आल्या. यजमान गेले होते आणि भिंतीवर लावायला घरात एकही फोटो नव्हता. ताईंनी कुठल्याशा लग्नाच्या जुन्या निगेटिव्ह काढल्या आणि पंगतीत बसलेल्या त्या गृहस्थांना हुडकले. चेहरा मोठा करून, चौकट लावून फोटो स्वतः घरी पोचवला. जिलबी खाताना टिपलेला तो माणूस चौकटीतही खुशीत दिसत होता.

आता एका हौदाची गोष्ट. पावसाने लागोपाठ दगा दिला तेव्हाची. शहर चिकलठाण्याच्या पुढे सरकत चालले होते. चिंकारा हरणे ज्या तळ्यावर पाणी प्यायची, ते बुजवून तिथे प्लॉट पडले. पलीकडे रंगनाथरावांची जमीन होती. मोठे बागायतदार, मुले कारखान्यात नोकरीला. ताईंनी शब्द टाकला आणि त्यांनी टेकडीखालचा एक कोपरा दिला. तिथे आम्ही हौद बांधला, टँकरने भरला आणि फोटोसाठी जवळच पत्र्याचा आडोसा उभारून दर रविवारी पहाटे त्यात दबा धरून बसू लागलो. हरणे आली नाहीत. उन्हाळा वर चढत गेला, तरी आली नाहीत.

रंगनाथराव सरळ माणूस. ते म्हणाले, "ताई, जनावरंच येत नाय तर पाणी कुणासाठी भरायलाव? प्लॉटिंगवाला रोज दारात येऊन बसतोय. दिवाळीपर्यंत वाट बघतो. न्हाय आली तर ह्यो कोपराबी देऊन टाकतो." पाणी असून जनावर का येत नाही, हे ताईंना उमगत नव्हते आणि ते त्यांना फार लागले होते.

अशातच आमची केनियाची सफारी आली. कितीतरी वर्षे घोकलेला बेत होता. तिकडेही पाऊस रुसलेला, नद्यांचे डोह झालेले. एका सकाळी आमची गाडी अशाच एका डोहाजवळ उभी होती. सूर्य पाठीशी, पाण्यावर सोनेरी ऊन, समोर झेब्रे. फोटोवाल्याला आणखी काय हवे? आम्ही सगळे कॅमेऱ्यांना चिकटलो होतो. ताई मात्र मागे वळून बघत होत्या. मागच्या झाडीत एक हत्तीण पिलाला घेऊन उभी होती. सोंड उचलून वास घ्यायची, पाऊल पुढे टाकायची आणि पुन्हा मागे घ्यायची.

"गाडी काढा इथून," ताई म्हणाल्या. "आपण तिच्या पाण्याच्या वाटेत उभे आहोत."

आम्ही कुरकुरलो. मी तर उघडच म्हणालो, "ताई, इतक्या लांब येऊन हा उजेड सोडायचा?" त्यांनी ऐकले नाही. ड्रायव्हरने गाडी वळवून पार पलीकडच्या अंगाला नेली. तिथून ऊन थेट डोळ्यांवर, फोटोचे नाव नको. हत्तीण खाली उतरली आणि पिलू गुडघ्यावर बसून तोंडानेच पाणी प्यायले. ताईंनी कॅमेरा मांडीवरून उचललासुद्धा नाही. थोड्या वेळाने त्या हळूच म्हणाल्या, "आपला आडोसा चुकलाय हो. सकाळचं ऊन पाठीशी पाहिजे म्हणून मी तो पूर्वेला घेतला. टेकडी पूर्वेलाच आहे. हरणं उतरणार कुठून?"

जागा त्यांनीच निवडली होती आणि ती चूक त्यांनी सगळ्यांसमोर सांगितली. परत आल्यावर ताईंनी पहिल्याच रविवारी आडोसा उतरवला. पत्रे आम्ही रंगनाथरावांच्या गोठ्यावर टाकले आणि हौदाकडे फिरकणे बंद केले. पाणी मात्र टँकरवाल्याकडून भरून घेत राहिलो.

दिवाळीच्या तोंडावर रंगनाथरावांचा फोन आला. "या बघायला. लई माती तुडवलीय इथं." हौदाच्या कडेला ओल्या मातीत खुरांचे ठसे होते, मोठे आणि त्यांच्या शेजारी अगदी लहानही. गुडघे दुखत असूनही ताई खाली बसल्या आणि पदराने चष्मा पुसू लागल्या. माझेही डोळे भरून आले. रंगनाथराव म्हणाले, "बाकीचं इकीन एखाद्या वक्ती. ह्यो कोपरा नाय."

आज त्या कोपऱ्याच्या दोन बाजूंना इमारती उभ्या आहेत. टेकडीची बाजू मोकळी आहे. ताईंच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी संपादकांनी तिथल्या हरणांचा फोटो मागितला, तेव्हा ताई म्हणाल्या, "माझ्याकडं नाही. आडोसा काढल्यावर मी त्यांच्या आड कधी बसलेच नाही." म्हणून फोटोच्या जागी हा लेख आहे.

शैलाताईंना उदंड आणि निरोगी आयुष्य लाभो. त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो, आणि दर उन्हाळ्यात रंगनाथरावांचा फोन आल्यावर त्यांना तिथवर जाऊन, खाली वाकून, तुडवलेली माती पाहता येवो.