जिवंत कोसे

मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला पोचले तोवर आमच्या कॉलेजात बेडूक कापणं बंद झालं होतं. बेडकाचा मेंदू उरला होता भिंतीवरच्या तक्त्यात, आणि त्या तक्त्यालाही वाळवी लागली होती. प्रोजेक्ट म्हणजे मागच्या पोरांची फाईल आणायची, कव्हर बदलायचं आणि सरांपुढे ठेवायची. मला ते करायचं नव्हतं. मज्जातंतू काम करतो म्हणजे काय करतो, हे एकदा तरी स्वतःच्या डोळ्यांनी बघायचंच, असं मी ठरवून टाकलं होतं. माझ्या हट्टाबद्दल बाबा म्हणायचे, "इची गाठ दातानंबी सुटत नाही."

आम्ही अड्याळचे, कोशाचं म्हणजे टसर रेशमाचं कापड विणणारे. बाबा मागावर बसत आणि आई कोसे उकळून मांडीवर धागा काढी. कोशातल्या किड्याचं पुढे पाखरू होतं हे मला पुस्तकातून कळलं. आमच्या घरात ते कोणी पाहिलंच नव्हतं. नर पाखराच्या डोक्यावर पिसांसारख्या दोन मिशा असतात. मादी लांब बसलेली असली तरी तिचा वास त्या मिशांना लागतो, तिथले मज्जातंतू मेंदूला निरोप धाडतात आणि नर उडतो. मग मिशा झाकल्या तर निरोप थांबायला हवा. कापाकापी नाही, यंत्र नाही, एवढंच दाखवायचं होतं.

सर म्हणाले, "गांडुळाचं कर, फाईल तयार आहे." मी हटेना, तेव्हा त्यांनी महिनाअखेरची मुदत दिली. तोवर काही दाखवलं नाही तर मुकाट्यानं गांडूळ. पाखरं पोळ्यानंतर थोडेच दिवस निघतात, त्यामुळे मला दुसरी संधी नव्हती.

जंगलाकडच्या एका गावात ऐनाच्या झाडांवर किडे पाळणारे एक काका बाबांच्या ओळखीचे होते. बाबांनी त्यांच्याकडून अंड्यांच्या बियाण्यासाठी जिवंत राखलेले कोसे मागून आणले, पिशवी ओसरीवर ठेवली आणि बाजारात गेले. मी कॉलेजातून आले तर चुलीवर मोठ्या गंजात पाणी खदखदत होतं. घरात कोसे दिसले की आई लग्न होऊन आल्यापासून जे करत आली होती, तेच तिनं केलं होतं. सोडा टाकून उकळायला घातले होते.

"अवो आई, ते जिते होते!"

"मंग? जितेच येतेत. पाण्यात गेल्यावर मरतेत," आई म्हणाली. काय बिघडलं ते तिला कळेना. मी रडत रडत सांगितलं तेव्हा ती चुलीपुढे बसली ती उठेचना. मला तिचा भयंकर राग आला होता. मी जेवणाचं ताट सरकवून दिलं.

सकाळी ती चपला घालून दारात उभी. "चाल," म्हणाली.

काकांनी आम्हाला बाजेवर बसवलं, चहा दिला, पण काय झालं ते ऐकल्यावर कोसे देईनात. "बियाणं उकळलं म्हणजे आमच्या पिकाले अपशकुन होते, बाई. कोष्ट्याच्या घरी कोसा मरायलेच जाते."

"चूक मायी हाय, भाऊ. पोरीची नाही," आई म्हणाली. तरी ते मान हलवत राहिले. मग आईनं चहाची कपबशी खाली ठेवली. "पाखरं निघून अंडे देतवरिक माया घरी कोशाची चूल पेटनार नाही. अन् अंडे सारे तुमाले वापस."

हे मला सुचलंच नसतं. काका उठून आत गेले आणि कोशांची एक माळ घेऊन आले.

चूल बंद म्हणजे धागा बंद. "आता मागावर का पाखरं इनू?" बाबा कुरकुरले, पण मागाची खोली त्यांनीच रिकामी करून दिली. पालींना हाकलायला आई खराटा घेऊन बसली. एका संध्याकाळी पहिलं पाखरू ओले पंख ओढत कोशातून बाहेर आलं. हजारो कोसे आईच्या हातून गेले होते, आणि आत काय असतं ते ती आज बघत होती.

"तोंड कोठी हाय याचं?"

"नसतंच म्हण ना. आता खायचं नाही. थोडे दिवस जगतं."

"येवढ्यासाठी येवढं घर बांधते!" आई म्हणाली आणि खराटा मांडीवर घेऊन तिथंच बसून राहिली.

निम्म्या नरांच्या मिशांना मी नेलपॉलिश लावलं. मग मलाच शंका आली, नेलपॉलिशच्या वासानंच ते बिथरले तर? म्हणून उरलेल्यांच्या पंखांना लावलं, मिशा मोकळ्या ठेवल्या. खिडकीजवळच्या टोपलीत माद्या दोऱ्यानं बांधल्या, नर पार पलीकडच्या भिंतीशी सोडले आणि दार ओढून घेतलं.

उजाडताच दार उघडलं. पंख रंगवलेले नर टोपलीत माद्यांना चिकटून होते. मिशा रंगवलेले पोत्यांवर बसलेले, कालच्या जागेहून फारसे हललेले नाहीत. एक लबाड मात्र टोपलीत पोचला होता. भिंगातून पाहिलं तर त्याच्या एका मिशीवरचा रंग खपलीसारखा निघाला होता. तेवढी एक मिशी त्याला पुरली होती! मी आनंदानं ओरडले. मज्जातंतू मला अजूनही दिसला नव्हता, पण त्यानं धाडलेला निरोप मी पाहिला होता.

सरांनी नेलपॉलिशबद्दल तोच प्रश्न विचारला आणि माझं उत्तर ऐकून गांडुळाची फाईल कपाटात परत ठेवली. अंडी आईनं स्वतः काकांना नेऊन दिली.

पुढच्या आठवड्यात बाबांनी कोशांचं नवं पोतं आणलं. सोड्याची पुडी आईच्या हातात होती, पण गंज अजून कोरडाच होता. तिनं मला हाक मारली.

"तुले लागतेत तेवढे आधी काढून घे," ती म्हणाली. "मंग मी पानी ठेवतो."