मशीनचं उष्टं पाणी

शांतम्मा म्हणजे माझ्या सासूबाई. माहेर कर्नाटकातल्या भालकीचं. लातुरात नांदायला येऊन पंचेचाळीस वर्षं झाली, तरी चहाला त्यांनी कधी घरात मान दिला नाही. स्टोव्ह असो नाहीतर गॅस, त्यावर कॉफी उकळायची आणि उंबरा ओलांडणाऱ्याच्या हातात कप ठेवायचाच. मीटरचं रीडिंग घ्यायला येणारासुद्धा सुटला नाही.

मागच्या वर्षी त्यांची डावी बाजू गेली. हळूहळू चालायला लागल्या, पण हात काही उठेना. गॅसजवळ जायचं नाही, असं आम्ही ठरवलं. ठरवण्यात मीच पुढं होते. मग अम्मा खुर्चीत बसून मुकाट्यानं माझ्या हातची कॉफी प्यायच्या. मी विचारायचे, चांगली झाली का? त्या म्हणायच्या, हाव. एवढंच. मला लई राग यायचा.

धाकटा दीर संगमेश्वर बेंगळुरूला असतो. त्यानं दिवाळीला कॉफीचं मशीन आणलं. दाणे टाकायचे, पाणी भरायचं, बटण दाबायचं. एका हाताचं काम. मी मनात म्हटलं, घ्या, आता हेही मलाच पुसावं लागणार. पण अम्मा बटण शिकल्या आणि दुसऱ्याच दिवशी कुरिअरवाल्याला बळंच बसवून कॉफी पाजली.

पुसापुशी अप्पांनी घेतली. माझे सासरे सिद्रामप्पा, डाळमिलमध्ये चौतीस वर्षं फिटर. बोअरच्या पाण्यानं आत क्षार धरतात म्हणून टाकीत फिल्टरचंच पाणी. चोथ्याचा डबा रोज रिकामा, आणि दर सोमवारी आतला भाग काढून नळाखाली धुवायचा. "मिलची मशिनं तीस-तीस वर्षं चालवली म्या, हे तर डबडं हाय," म्हणायचे.

तरी चौथ्या महिन्यात डबडं कुंथायला लागलं. कॉफी थेंब-थेंब यायची. मग लाल दिवाच लागला. अप्पांनी उघडून पाहिलं तर टाकीच्या बुडाशी तपकिरी गाळ, जाळीत चोथा. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. "वर्षाराणी, टाकीत काय घालायलीस?"

माझं डोकंच फिरलं. पहाटे उठून डबे करून औशाच्या शाळेत शिकवायला जाणारी बाई मी, मला कुठली आलीय टाकीत काही घालायची सवड? दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. अप्पांनी जाळी धुऊन मशीन कसंबसं चालू केलं, आणि तिसऱ्या दिवशी मी चोर पकडायला दाराआड उभी राहिले.

अम्मा आल्या. हे मशीन सुरू होताना आपल्याच नळ्या धुतं आणि अर्धा कप गढूळ पाणी बाहेर टाकतं. अम्मांनी खाली पेला ठेवला, ते पाणी झेललं आणि उजव्या हातानं अलगद परत टाकीत ओतलं.

"अम्मा, काय करायलाव ओ?"

दचकल्या. "मग काय मोरीत सोडू? एवढं पाणी?"

ज्या साली लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या साली ह्या बाईनं भाजी धुतलेल्या पाण्यानं फरशी पुसली आणि फरशीचं पाणी संडासात ओतलं. मीही तेव्हा त्यांच्यासोबत तेच करत होते. नळ पूर्ण सोडायला आजही माझा हात धजत नाही. रागवणार कोणत्या तोंडानं? "अहो, पण ते मशीनचं उष्टं पाणी," एवढंच म्हणाले.

अप्पांनी संगमेश्वरला फोन लावला. तो म्हणाला, मशीनचा पंप जळायच्या बेतात आहे, आणि तो गेला तर दुसरा मिळत नाही. एक टाकी लिंबूसत्त्वाचं पाणी आतून जाऊ द्या, मग दोन टाक्या साधं पाणी.

अम्मांनी ऐकलं. "पाच लिटर पाणी माझ्या कॉफीपायी? नगं. देऊन टाका मशीन."

"बरं," अप्पा म्हणाले. "कॉफी वर्षाराणी देईल करून."

"देईन की," मी म्हणाले.

त्यावर अम्मा रडल्या. हात गेला तेव्हासुद्धा रडल्या नव्हत्या. "मला प्यायची हाय व्हय? प्यायला कुणी बी देतंय. मला करून द्यायचीय कुणाला तरी."

मग अप्पा उठले आणि तीन बादल्या घेऊन आले. आंबट पाणी न्हाणीच्या फरशीला, साधं पाणी कुंड्यांना, असं त्यांनी वाटून दिलं. अम्मा स्टुलावर बसून दोन तास बटण दाबत राहिल्या आणि मोरीत काही जात नाही ना, ते बघत राहिल्या. संध्याकाळी न्हाणी घासली तर बोअरचे पांढरे डाग गेले. आमची फरशी हिरवी आहे, हे मला लग्नानंतर चौदा वर्षांनी कळलं.

दुसऱ्या दिवशी माझी बसची वेळ झाली होती. "बस जरा," अम्मा म्हणाल्या. मशीन नीट चाललं. त्यांनी कपबशी उचलली आणि पाय ओढत माझ्याकडं निघाल्या. बशीत कॉफी हिंदकळत होती. उठून घ्यावी असं मला दहादा वाटलं. पण बसून राहिले, त्या पोचेपर्यंत.