भावनाचा अठ्ठाविसावा संदर्भ

तीर्थपुरीच्या बाजारात बातमी अशी, की कडूबाची भावना कॉलेजात मुडदे फाडून राह्यली. बेबीनंदा मावशींनी तर तिला मेथी निवडताना बघून सुस्कारा सोडला, "बाई गं, याच हातानं?"

खरं म्हणजे डास मारल्यावर तळव्याला लागलेलं रक्त बघूनही भावनाला गरगरतं. बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला मानवी जीवशास्त्राचा प्रबंध लिहायचा होता, म्हणून तर तिनं वाचनावरचा घेतला. सुई नाही, नमुने नाहीत. आजवर लोकांनी काय शोधून ठेवलंय ते वाचायचं, ताडून बघायचं, लिहायचं. विषय घेतला किशोरवयीन मुलींमधला रक्तक्षय.

कॉलेजात या कामाची एक ठरलेली रीत होती. कपाटातून जुना, काळ्या पुठ्ठ्याचा प्रबंध काढायचा, आभाराच्या पानावर आपले आईबाप घालायचे आणि संदर्भयादी तशीच उतरवायची. भावनानं वेडेपणा केला. तिनं यादीतले संदर्भ वाचायला घेतले.

अठ्ठाविसावा सापडेना. 'ग्रामीण भागात अठ्ठावन्न टक्के मुलींना रक्तक्षय' हे वाक्य कपाटातल्या एकूण एक प्रबंधात होतं. खाली तोच लेखक, तेच साल. लेखाचं नाव मात्र उतरवता उतरवता कुठंतरी गळालेलं. विद्यापीठाच्या ग्रंथपालांना सात मेल गेल्यावर लेखाचे फोटो आले. अठ्ठावन्न टक्के बराबर होतं. फक्त ते कोंबड्यांचं होतं.

कपाटातला सगळ्यात जुना प्रबंध सोमेश्वर सरांचा. सर याच कॉलेजात शिकलेले, आणि आता भावनाचे मार्गदर्शक. त्यांची सही नसेल तर प्रबंध जमा नाही, वर्ष वाया, एमएस्सी विसरा. मुदत चार दिवसांची.

"ताई, गप उतरव ते वाक्य," धाकटी बहीण, म्हणजे प्रस्तुत लेखिका, म्हणाली. "कोंबडी काय तक्रार घेऊन येणार हाय का?"

"आकडा पोरींचा पाहिजे, पायल."

"कोंबड्याबी बायकाच की," भाकरी उलटत आई म्हणाली.

मंग पैज लागली. सर सही करणार न्हाईत, असं पायलचं म्हणणं. केलीच, तर तिनं अख्खा प्रबंध मोठ्यानं वाचायचा, संदर्भांसकट.

सर दर वाक्याला चष्मा पुसतात. "काय हाय ना भावना, संदर्भ म्हंजी घरातलं वडीलधारं माणूस. त्याला नमस्कार करायचा. कुठून आला, इचारायचं न्हाई."

भावनानं मोबाईल पुढं केला. लेखाच्या फोटोत तक्त्यावर लिहिलेलं, 'प्रति खुराडा.'

सरांनी चष्मा पुसला. घातला. काढून परत पुसला.

"कुणाकुणाला दाखवलं हे?"

"तुम्हालाच, सर. वाक्य काढलं, अन् का काढलं त्याची तळटीप दिली. नाव कुणाचंच न्हाई, 'आधीचे प्रबंध' एवढंच."

"अन् म्या सही न्हाई केली तर?"

"वर्ष जाईल माझं. पण कोंबड्या परत आत न्हाई घेणार, सर."

 मंग सरांनी पेन काढलं आणि आभाराच्या पानासाठी एक वाक्य सांगितलं, 'मूळ संदर्भ तपासण्याची शिस्त मला माझ्या मार्गदर्शकांनी लावली.' भावनानं ते मुकाट्यानं उतरवलं. आभाराला संदर्भ द्यावा लागत नाही.

सही झाली. प्रबंधाची पानं अडुसष्ट. प्रस्तुत लेखिका सध्या एकतिसाव्या पानावर आहे, आणि एक उच्चार चुकला की ताई पान पहिल्या ओळीपासून वाचायला लावते.