डेरिव्हेटिव्ह आत नेण्याआधी

माझी भाची जननी तेव्हा चेन्नईतल्या अड्यारच्या एका कॉलेजात एमएस्सीला कॉम्प्लेक्स अ‍ॅनालिसिस शिकवायची. पोर गुणी, पण अर्धवट सिद्ध केलेलं काही तिच्या घशाखाली उतरत नाही. त्यापायी २००४पर्यंत तिची बरीच स्थळं मोडली. समोरच्याची चूक काढल्याशिवाय तिला राहवतच नसे.

मग प्राणेश आईसोबत बघायला आला. नोकरी सॉफ्टवेअरमध्ये, शिक्षण गणितात. बहिणीच्या वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये रिवाजाप्रमाणे सोज्जी-भजी झाली. सोज्जी म्हणजे आपला शिराच. जननीने भजी तोंडातसुद्धा घातली नाही, तेव्हाच मी ओळखलं, मुलगा तिला आवडलाय. हे स्थळ तिला हवं होतं.

काल वर्गात काय शिकवलंत, असं त्याने विचारलं. ती म्हणाली, वक्ररेषेवरच्या इंटिग्रलने बनलेलं फंक्शन रेषेबाहेर अ‍ॅनॅलिटिक असतं, म्हणजे त्याचा डेरिव्हेटिव्ह निघतो, याची सिद्धता.

"सोपं आहे. डेरिव्हेटिव्ह इंटिग्रलच्या आत न्यायचा, झालं," प्राणेश म्हणाला.

"आत का नेता येतो?"

माझ्या बहिणीने, कनकाने, लेकीला कोपराने ढोसलं. उपयोग शून्य. जननीने समजावलं, की बिंदू रेषेपासून काही अंतरावर असतो म्हणून इंटिग्रलमधल्या अपूर्णांकाचा छेद शून्याजवळ जात नाही, आणि रेषेची लांबी मर्यादित असते म्हणून उरलेला फरक हवा तितका लहान करता येतो. हे न लिहिणाऱ्याला ती भोपळा देते, हेही सांगून टाकलं. प्राणेश कानापर्यंत लाल झाला. त्याच्या आईने पर्स उचलली.

आमच्यात होकार-नकार मोठी माणसं फोनवर कळवतात. दुसऱ्या दिवशी फोन आला तो खुद्द प्राणेशचा, आणि त्याला जननीशी बोलायचं होतं. असं कुणी करत नाही. मी स्पीकर लावला. मामा आहे, तेवढा हक्क आहे मला.

त्याने सिद्धता स्वतः लिहून काढली होती, ती पायरी पायरीने वाचून दाखवली. कनका देवासमोर उभं राहावं तशी फोनसमोर हात जोडून उभी. पोरीने हो म्हणावं आणि गप्प बसावं, एवढंच तिचं मागणं होतं.

"एक चुकलं," जननी म्हणाली. स्थळ हवं होतं, तरी म्हणाली. "बिंदू हलवल्यावर तो रेषेवरच जाऊन बसला तर? अंतराच्या निम्म्याहून कमीच हलवतोय, हे आधी लिहायला हवं."

कनका मटकन खुर्चीत बसली.

"सरी," प्राणेश म्हणाला, म्हणजे तमिळमध्ये 'बरोबर'. "जरा थांबा, पेन आणतो."