पंचफुलाबाईच्या गाडीचा पंप

उदगीरच्या त्या डाळमिलच्या आवारात पंचफुला कोण म्हणून विचारलं, तर लोक आधी गाडी दाखवतात आणि मग बाई. पंचफुलाला त्यात काही कमीपणा वाटत नाही. उलट पदर खोचून ती म्हणते, "बरोबर दाखवलं."

देगलूरकडच्या खेड्यातून लग्न होऊन आली तेव्हा ती याच आवारात खराटा घेऊन सांडलेली तूर गोळा करायची. नवरा मारोती पोती उचलायचा. गोदाम एका टोकाला, मिल दुसऱ्या टोकाला आणि मधे मिलची पिकअप पोती वाहायची. पिकअपचा ड्रायव्हर म्हणजे इरसाल माणूस, ऐन घाईच्या वेळी हमखास गायब. एकदा असाच तो गायब असताना पंचफुलानं चावी मागितली. मुनीम किशनराव हसले. म्हणाले, "पंचफुला, हा काय खराटा हाय का?"

"खराट्याला जास्त अक्कल लागते, मुनीमजी," ती म्हणाली, आणि भरलेली गाडी उलटी घेऊन बरोबर धक्क्याला लावली.

शिकली कधी? सुटीच्या दिवशी, रिकाम्या आवारात, मारोतीला शेजारी बसवून. मारोतीला स्वतःला गाडी येत नव्हती. तो नुसता घाबरायच्या कामाला होता. पण तेव्हापासून खराटा सुटला तो सुटलाच. पुढं गाडीचे रस्त्यावरचे कागद संपले आणि मिलनं ती विकायला काढली, तेव्हा पंचफुलानं घरची म्हैस विकली आणि गाडी घेतली. आवाराबाहेर तिला जायचंच नव्हतं. गोदाम ते मिल, मिल ते गोदाम, एवढंच तिचं राज्य, आणि त्या राज्यात हॉर्न वाजवायचा हक्क फक्त तिचा.

आता डाळमिल म्हटली की उंदीर आलेच. आणि ही गाडी होती नव्या पद्धतीची. डिझेल किती सोडायचं, कधी सोडायचं, हे सगळं एक कॉम्प्युटरचा डबा ठरवायचा, आणि त्या डब्यापासून इंजिनभर वायरींचं जाळं. उंदरांना तुरीपेक्षा त्या वायरीच गोड लागायच्या. दरवेळी नांदेडहून कंपनीच्या गाड्यांचा मेकॅनिक आनंदराज लॅपटॉप घेऊन यायचा. पोरगा गुणाचा. काम करता करता पंचफुलाला सगळं दाखवायचा, ताई हे बघा, ताई ते बघा. पंचफुला वाकून वाकून बघायची, कारण गाडी तिची होती. शेवटच्या वेळी मात्र कुरतडलेल्या वायरी एकमेकींना चिकटल्या आणि डबाच जळाला.

"ताई, डबा मी कुठूनही आणीन," आनंदराज म्हणाला. "पण उंदरांना मी काय सांगू? पुन्हा तेच होणार हाय."

किशनराव मुनीम वाईट माणूस नव्हे. पण मिल त्यांच्या भरवशावर चालते. "नवी तूर यायच्या आत गाडी चालू झाली पायजे, पंचफुला," ते म्हणाले. "न्हाई झाली तर मला ट्रॅक्टरवाल्याला सांगावं लागंल. तुला काम हाय की. झाडायला बाई पायजेच आपल्याला."

झाडायला! पंचफुलाला त्या दिवशी भाकर गोड लागली नाही. खराट्याची लाज नव्हती तिला. पण एकदा गाडीच्या खिडकीतून आवार बघितलेल्या बाईनं पुन्हा त्याच चाकांमागं तूर वेचत फिरायचं, हे तिच्या जिवाला लागलं. आणि ती चाकं दुसऱ्याची असणार होती.

मिलच्या मागं भंगारात याच कंपनीची एक जुनी पिकअप सडत पडली होती. पंचफुला तिच्याभोवती दोनदा फिरली आणि थेट दगडोबा मिस्त्रीच्या दुकानी गेली. "मिस्त्री, त्या जुन्या गाडीला कॉम्प्युटर न्हाई. पंप नुसता गिअरवर फिरतो, वायर म्हणून न्हाई. माझ्या गाडीचं इंजिन अन् ते इंजिन बाहेरून तर सारखंच दिसायलंय. तो पंप माझ्या गाडीला बसंल का?"

दगडोबा म्हणजे डिझेल पंपातला नावाजलेला माणूस आणि तेवढाच खडूस. उभ्या जन्मात त्यानं कुणाला श्रेय दिलं नव्हतं. गाडी दुरुस्त झाली की मी केली, आणि बिघडली की ती मुळातच बिघडलेली होती. त्यानं येऊन दोन्ही इंजिनं पाहिली, नखानं खरवडली, आणि म्हणाला, "खालचा सांगाडा एकच हाय. वरचं हेड, नोझल, पाइप, पंप अन् पुढचे गिअर, सगळं जुन्याचं चढवावं लागंल. पण ऐक. एकदा हिला खोलली की पुन्हा जशीच्या तशी होणार न्हाई. जमलं तर गाडी, न्हाई तर भंगार."

"खोला," पंचफुला म्हणाली.

"अन् काम चालू असताना ही गाडी माझी. तू मधे मधे बोलायचं न्हाई."

"गाडी माझीच राहील. पण बोलत न्हाई."

काम सुरू झालं. पंचफुला रोज बाजूला पोत्यावर बसून राही. हेड चढलं, गिअर जुळले, आणि नव्या इंजिनाच्या अंगावर तो जुना, जाडजूड पंप बसला. डिझेल बंद करायला दगडोबानं एक केबल ओढून आणली आणि तिचं बटण स्टिअरिंगखाली बसवलं. आता चावीनं इंजिन बंद होणार नव्हतं, हे बटण ओढावं लागणार होतं. पंचफुलानं ते चारदा ओढून पाहिलं. आता कुरतडा म्हणावं काय कुरतडता ते.

मग राहिलं टायमिंग. पिस्टन वर येतो, त्याच्या किंचित आधी पंपानं डिझेल सोडायचं. जुने मिस्त्री ते थेंबावर लावतात. पंपाच्या पहिल्या तोंडाला वाकडी नळी लावायची, इंजिन हातानं हळूहळू फिरवायचं, आणि धार तुटून थेंब थेंब पडायला लागले की तिथं थांबायचं. पण पिस्टन नेमका कुठं आहे हे कशावरून कळतं? इंजिनाच्या पाठीमागं फिरणाऱ्या जड लोखंडी चाकावरच्या, म्हणजे फ्लायव्हीलवरच्या खाचेवरून. दगडोबानं जन्मभर असंच केलं होतं. त्यानं त्या चाकाच्या झाकणातल्या छोट्या खिडकीतून बोट घातलं, खाच लागली, त्या हिशोबानं थेंब जुळवला आणि पंप आवळला.

"मार स्टार्टर."

पंचफुलानं चावी फिरवली. पांढऱ्या धुराचा लोट निघाला, आतून दणका बसला आणि इंजिन जागच्या जागी थबकलं. पुन्हा मारला, पुन्हा तेच. दगडोबानं हवा काढली, नोझल काढून बघितले, पंपाला शिव्या दिल्या, मग भंगारातल्या गाडीला दिल्या. मारोती लांब उभा राहून आपलं नेहमीचं काम करत होता. दगडोबा खाली बसला आणि बिडी काढली, पण पेटवली नाही.

"बाई, पंप गेलेला दिसतो," तो म्हणाला.

 पंचफुला गाडीतून उतरली आणि त्या चाकाच्या खिडकीपाशी वाकली. आत बोट घातलं. खाच तिच्याही बोटाला लागली आणि तिला एकदम आनंदराज आठवला, टॉर्च धरून याच खाचेत उजेड पाडणारा.

"मिस्त्री, तुम्ही ही खाच धरली?"

"मग काय? खाच एकच असती."

"तुमच्या जुन्या गाड्यांत असंल. ही सेन्सरची खाच हाय. आनंदराजनं मला दाखवली होती. कॉम्प्युटर हिच्यावरून मोजायचा. पिस्टन वर यायच्या लई आधी येती म्हणाला ही."

दगडोबाचं तोंड लाल झालं. बोलायचं नाही असं ठरलं होतं, आणि ही बाई त्याला टायमिंग शिकवत होती. आता हा पाने गोळा करून निघून जातो, असं मारोतीला वाटलं. पण माणूस खडूस असला तरी पंपाशी खोटं बोलणारा नव्हता. तो उठला, पहिला नोझल काढला आणि म्हणाला, "सायकलची तार आण."

तार नोझलच्या भोकातून पिस्टनवर टेकवली. ती पंचफुलानं धरली. दगडोबा इंजिन फिरवू लागला. तार वर चढताना एका उंचीला पंचफुला "हं" म्हणाली, त्यानं चाकावर खडूची रेघ मारली. तार वर जाऊन खाली उतरू लागली, त्याच उंचीला ती पुन्हा "हं" म्हणाली, दुसरी रेघ. दोन्हींच्या बरोबर मधोमध पिस्टनचं खरं टोक. ती खाच तिथून हातभर नाही तरी चांगली वीतभर लांब होती.

थेंब पुन्हा जुळवला, नोझल आवळला. पंचफुला गाडीत जाऊन बसली. आता मात्र तिला चावीला हात लावायची भीती वाटली. मनाचा हिय्या करून तिनं ती फिरवली.

आधी थोडा धूर, मग एक ठोका, मग दुसरा, आणि मग इंजिन असं काही धडधडायला लागलं की चाळणीवरच्या बाया कामं टाकून दारात आल्या. डॅशबोर्डवर एकही दिवा नव्हता. गाडीला आता कॉम्प्युटरची गरजच उरली नव्हती. पंचफुलाच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि ती हसत होती. आवाज ऐकून किशनराव मुनीमही आले.

"मिस्त्री, तुमचा हात म्हणजे हातच," ते म्हणाले.

दगडोबा हात पुसत होता.  टायमिंग पक्कं ठरलं की मिस्त्री पंपाच्या आणि इंजिनाच्या जोडावर छिन्नीचा एक घाव घालतो. ती रेघ म्हणजे पुढं कुणी पंप काढला तर पुन्हा तिथंच बसवायची खूण. उदगीर भागातला जाणता माणूस रेघ बघून मिस्त्री ओळखतो. दगडोबानं छिन्नी आणि हातोडी काढली आणि गाडीच्या दाराशी जाऊन पंचफुलापुढं धरली.

"पंप मी बसवला, मुनीमजी," तो म्हणाला. "टायमिंग हिचं हाय. रेघ हीच मारंल."

पंचफुला खाली उतरली. छिन्नी टेकवून तिनं एकच घाव घातला. रेघ जराशी तिरकी आली. तिनं मिस्त्रीकडं बघितलं.

"राहू दे तशीच," दगडोबा म्हणाला. "माझी सरळ असती. ही तुझी म्हणून ओळखू येईल."