इराला घेऊन फरीदाबादच्या रग्बी मैदानावर

दिल्लीला मी याआधी तीनदा गेले आहे, आणि तिन्ही वेळा लाल किल्ला, कुतुबमिनार, करोलबाग असं सगळ्यांसारखंच पाहून परत आले. या खेपेला त्यातलं काहीच पाहिलं नाही. माझ्या धाकट्या भावाचा, नितीनचा, फोन आला. त्याच्या बायकोला, मेघनाला, तिच्या आईच्या ऑपरेशनसाठी नागपूरला जायचं होतं. नितीन सरकारी नोकरीत. फेब्रुवारीत त्याच्या खात्यात शनिवार-रविवारीसुद्धा फायली चालू असतात.

"ताई, चार दिवस येशील का इराजवळ?" त्याने विचारलं.

इरा त्याची दहा वर्षांची मुलगी. मागच्या मे महिन्यात ती माझ्याकडे पुण्याला आली होती. टेकडीच्या रस्त्यावर सायकलवरून पडली आणि तिचं डावं मनगट मोडलं. त्यानंतर नितीनने तिला एकदाही पुण्याला पाठवलं नव्हतं. मला कधी काही बोललाही नव्हता. दर रविवारी सकाळी फोन करायचा, हवापाण्याचं बोलायचा. म्हणून त्याने मला बोलावलं याचं बरं वाटलं आणि भीतीही वाटली. त्याच आठवड्यात तिकीट काढलं.

फेब्रुवारीत दिल्लीला जाणार असाल तर स्वेटर बॅगेच्या तळाशी ठेवू नका. सकाळी तो लागतोच, दुपारी मात्र हातात घेऊन फिरावं लागतं. मी पुण्याहून रेल्वेने निघाले, शुक्रवारी दुपारी निझामुद्दीनला उतरले. तिथून लक्ष्मीबाई नगरला ऑटोने अर्धा तास पुरतो. नितीनच्या सरकारी क्वार्टरचं दार इराने उघडलं. अंगात निळी-पिवळी जर्सी, ढोपरापर्यंत लांब.

"आत्या, संडेला आमची टूर्नामेंट आहे फरीदाबादला. मी पानी पकडणार."

"पानी पकडणार म्हणजे?"

"म्हणजे बॉटल्स. मी खेळत नाही ना."

नितीन ऑफिसातून आल्यावर मी विचारलं. आर. के. पुरमच्या एका बागेत शनिवारी सकाळी लहान मुलांना रग्बी शिकवतात. कोणीही यावं, फी नाही. कॉलनीतली मुलं जातात म्हणून इराही जाते. "सराव करू देतो मी तिला," तो म्हणाला. "मॅच नाही. फॉर्मवर मॅचच्या रकान्यात सहीच केलेली नाही. रग्बी म्हणजे काय ते टीव्हीवर बघितलंय मी. आणि आपली इरा धांदरट."

इरा शेजारीच बसून वाटाणे सोलत होती. तिने मान वर केली नाही.

शनिवारी सकाळी सातला आम्ही बागेत होतो. एका बाजूला फेऱ्या मारणारे काका-काकू, दुसऱ्या बाजूला नारिंगी शंकू मांडून आखलेलं मैदान. वीस-बावीस मुलं-मुली. केरळ, मणिपूर, हरियाणा, सगळीकडून बदलीवर आलेल्यांची मुलं. आणि काजल. तिची आई नितीनच्या गेटजवळ इस्त्रीचं टेबल लावते. काजल इराच्याच वयाची, पण धावायला लागली की बाकीची मुलं नुसती बघत राहतात.

शिकवणाऱ्या सस्मितादीदी ओडिशाच्या. स्वतः खेळाडू होत्या, आता नोकरी सांभाळून हे करतात. आवाज चढवत नाहीत, त्यामुळे मुलांना ऐकायला जवळ यावं लागतं. मी समजत होते ते धक्काबुक्कीचं रग्बी हे नव्हेच. प्रत्येकाच्या कमरेला पट्टा, पट्ट्याच्या दोन बाजूंना चिकटवलेल्या दोन रंगीत फिती. समोरच्याला पाडायचं नाही, त्याची फीत ओढायची. फीत गेली की त्याने बॉल लगेच साथीदाराला द्यायचा. आणि बॉल पुढे फेकायचा नाही, नेहमी मागे. मागे देत देत पुढे जायचं. फीत ओढणाऱ्याने ती ज्याची त्याला परत द्यायची, त्याशिवाय त्याने खेळात यायचं नाही. इराने मला हे सगळं दोन मिनिटांत समजावलं.

सराव संपल्यावर दीदींनी तिला विचारलं, "मॅच क्यों नहीं खेलती तू? हाथ तो अच्छे हैं तेरे."

"मैं गिर जाती हूँ," इरा म्हणाली. इयत्ता कितवी असं विचारल्यावर ज्या सुरात सांगावं, त्या सुरात.

मी तिथे बाकावर बसले होते. इथे तुम्हाला खरं ते सांगायला हवं, कारण मी तोवर कोणालाच सांगितलं नव्हतं. मे महिन्यात इरा उतारावर आपणहून गेली नव्हती. ती नको म्हणत होती. "मी मागून सीट धरते, जा, काही होत नाही," असं मी म्हणाले आणि ती तोल सावरतेय असं वाटून मध्येच हात सोडला. दवाखान्यातून नितीनला फोन केला तेव्हा माझ्या तोंडून निघालं, "अरे, नको म्हणत असताना गेली उतारावर." तेव्हा घाबरले होते. नंतर बदलायचं राहून गेलं, आणि राहून गेलं म्हणणंही तसं खोटंच. धीर झाला नाही.

रविवारी सकाळी नितीन ऑफिसला जाण्यापूर्वी आलूचे पराठे करून गेला. ते डब्यात भरून आम्ही निघालो. काजललाही तिच्या आईने माझ्यासोबत दिलं. संघातली बाकीची मुलं दीदींबरोबर आधीच गेली होती. तुम्हालाही तिकडे जायचं असेल तर रस्ता सोपा आहे. आयएनएवरून गुलाबी मेट्रोने दोन स्टेशनं, लाजपत नगरला उतरून जांभळी मेट्रो. ती जमिनीवरून उंचावर धावते, तेव्हा खिडकीजवळ उभं राहा. नेहरू प्लेसच्या काचेच्या इमारती, मग ओखल्याचे कारखाने, मग बदरपूर, आणि पुढे कधी हरियाणा लागलं ते कळतही नाही. रविवारी गाड्या जरा उशिरा सुरू होतात, वेळ बघून निघा. तिघींचं भाडं दीडशेच्या आसपास झालं. बडखल मोड स्टेशनला उतरून ई-रिक्षाने दहा मिनिटांत मैदान. एका शाळेचं मैदान होतं ते. गवत कमी, माती जास्त, चुन्याच्या ताज्या रेघा. कडेने सावरीची झाडं, पानं गळलेली आणि लाल फुलांनी भरलेली. पलीकडे कारखान्यांच्या पत्र्याची छपरं.

आठ संघ आले होते. प्रत्येकात सात मुलं. आमच्यातला एक मुलगा तापाने आलाच नव्हता. दीदी माझ्याकडे आल्या.

"इरा को खेलने देंगे? पापा से पूछ लीजिए. आप साइन मत कीजिए, उन्हीं से पूछिए."

इराने जर्सी जरा वर केली. आत पट्टा बांधलेला होता, दोन्ही फिती लावलेल्या. घरूनच बांधून आली होती.

मी थोडी लांब जाऊन नितीनला फोन लावला.

"नाही, ताई," तो म्हणाला. "तुला माहीत आहे ती कशी आहे. तूच बघितलंस ना? नको म्हटलं तरी गेली उतारावर."

मागे मैदानावर शिट्टी वाजत होती. मी म्हणाले, "ती गेली नव्हती, नितीन. मी पाठवलं तिला. ती नको म्हणत होती. सीट धरते म्हणाले आणि मध्येच सोडली. तुला मी उलटं सांगितलं."

फोनवर कोणीतरी त्याला "सर, ये वाला भी?" असं विचारलेलं ऐकू आलं.

"नऊ महिने मी तिला धांदरट म्हणतोय," तो म्हणाला. मग, "इरा कुठेय?"

"इथेच आहे."

"मी येतो. तोवर खेळवू नका."

मी वळले तर इरा मागेच उभी होती. सगळं ऐकलं होतं तिने.

"आत्या, ते सीक्रेट होतं ना?"

"मी तुला असं कधी सांगितलं नव्हतं गं."

"पण तू बाबांना वेगळंच सांगितलंस. मग मला वाटलं, तेच सांगायचं आहे."

मी तिच्यासमोर खाली बसले. चुकले मी, असं म्हणाले. ती म्हणाली, "दीदींना पानी देऊन येते," आणि गेली.

पहिली मॅच फरीदाबादच्याच एका संघाशी होती. त्यांचे प्रशिक्षक ढेरपोटे हरियाणवी गृहस्थ, गळ्यात दोन शिट्ट्या. दीदींनी त्यांना सांगितलं, आमचे सहाच आहेत. त्यांनी मागे वळून आपल्यातल्या एका मुलीला हात केला. "छोरी, तू बैठ जा अभी, अगली में खेलियो. छह हैं तो छह ही सही." वाद नाही, चर्चा नाही. ती मुलगी येऊन इराच्या शेजारी बसली. दोघींनी मिळून तिचं केळं खाल्लं. काजलने चार वेळा बॉल शेवटच्या रेघेपलीकडे टेकवला आणि आम्ही जिंकलो.

नितीन स्कूटरने आला, मथुरा रोडची रविवारची मोकळी वाट धरून. हेल्मेट काढलं तेव्हा कपाळावर त्याचा वळ होता. माझ्याकडे त्याने पाहिलं नाही. इरापाशी जाऊन उकिडवा बसला.

"तू मला का नाही सांगितलंस?"

"तू आत्याला ओरडला असतास."

मग त्याने तिचा डावा हात हातात घेऊन मनगट दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिलं. "दुखतं?"

"नाही रे. कधीच नाही दुखत."

दीदींनी पट्टा, फिती, सगळं त्याला दाखवलं. त्याने तीन-चार प्रश्न विचारले, सरकारी माणसासारखे नेमके. मग फॉर्म स्कूटरच्या सीटवर ठेवून सही केली.

इराच्या हातात आलेला पहिलाच बॉल सुटला. दुसराही. तिसरा तिने छातीशी घट्ट धरला आणि निघाली. धाव काही वेगाची नव्हती, पण डोळे समोर होते. समोरून एक उंच मुलगी आली, इराने वळायचा प्रयत्न केला, फीत गेली, पाय घसरला आणि ती पडली. हात पुढे टेकून, डाव्याच.

नितीन रेघ ओलांडून दोन पावलं आत गेला होता. दीदींनी न बघताच त्याच्याकडे तळहात केला, थांबा. तो थांबला. मैदानावरची सगळी मुलंही थांबली होती. इरा उठून बसली. मनगट झटकलं. बॉल अजून तिच्या काखेत होता. तिने मागे पाहिलं, काजल तिथे होतीच, आणि बॉल तिच्याकडे दिला. त्या उंच मुलीने इराची ओढलेली फीत तिला परत दिली, इराने ती पट्ट्याला लावली आणि काजलच्या मागे धावली.

ती मॅच आम्ही हरलो, पुढचीही. इराला एकदाही बॉल रेघेपलीकडे नेता आला नाही. तिचं ढोपर सोललं होतं. ते तिने निदान सहा जणांना दाखवलं.

मैदानाबाहेर छोले-कुलच्याची गाडी होती. कांदा-लिंबू मागून घ्या आणि वरून आंबट चटणी थोडीच, खूप झणझणीत असते. मुलांनी दोन-दोन प्लेट खाल्ल्या. नितीन स्कूटरला टेकून एकटा खात होता. मी त्याच्याजवळ गेले.

"तेव्हाच सांगायला हवं होतं मी."

"हो," तो म्हणाला. प्लेट स्कूटरच्या सीटवर ठेवून म्हणाला, "तू हात सोडलास त्याचं काही नाही ताई. मीपण सोडला असता. पण पोरगी माझ्यासमोर लोकांना 'मैं गिर जाती हूँ' म्हणते आणि मी हो म्हणतो, त्याचं काय करायचं?"

आम्ही तिघी मेट्रोने आलो, तो स्कूटरने. परतीच्या डब्यात इरा आणि काजल एकमेकींवर रेलून झोपल्या होत्या. ओखल्यापर्यंत मी त्यांच्या बुटांची माती माझ्या साडीवर लागू दिली.

सोमवारी तो मला निझामुद्दीनला सोडायला आला. बॅग बर्थखाली नीट सरकवून दिली. "पोचलीस की कळव," एवढंच म्हणाला. बोलणं चांगलं होतं, पण मोजकं.

पुण्यात आल्यावर मैत्रिणी विचारतात, दिल्लीत काय पाहिलंस. मी बागेतली ती शनिवारची सकाळ सांगते. तुमच्या घरात दहा-बारा वर्षांचं मूल असेल आणि तुमच्या शहरात असा काही कार्यक्रम चालत असेल, तर एकदा नुसतं बघायला जा. पाणी, केळी आणि जुने कपडे न्या. मैदानाच्या रेघेबाहेर बसा आणि मूल पडलं तर दहापर्यंत आकडे मोजा. मला ते फार उशिरा जमलं. सावरीची झाडं, ढेरपोट्या गृहस्थांनी एका शब्दात बाहेर बसवलेली ती मुलगी, हे आठवतं. पण सगळ्यात जास्त आठवतं ते इराने मला नऊ महिने सांभाळून घेतलं ते. त्याचं ओझं कमी झालेलं नाही, आणि ते व्हावं असंही मला वाटत नाही.

त्यानंतर तीन रविवार नितीनचा फोन आला नाही. मेसेज यायचे, मेघना परत आली, हवा बरी आहे. मीही आपणहून केला नाही. चौथ्या रविवारी सकाळी भाजी चिरत होते तेव्हा फोन वाजला.

"ताई, ते खालून खिळे असल्यासारखे असतात ना, ते बूट," तो म्हणाला. "इराला घ्यायचेत. एक नंबर मोठे घेऊ का? पाय वाढतोय तिचा."

मला बुटांतलं काही कळत नाही, हे त्याला चांगलं माहीत आहे. आम्ही वीस मिनिटं बुटांवर बोललो.